सेसना १४० ओनर-मेंटेनन्समध्ये टाकावी का? अ‍ॅन्युअलच्या बिलाने जीव मेटाकुटीला आलाय

कापडी_पंख:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनडात नोंदलेली, १९४६ची सेसना १४० (छोटं विमान) आहे. वर्षाला जेमतेम चाळीस तास उडते, तेही उन्हाळ्यात. यंदाच्या अ‍ॅन्युअलला, म्हणजे वार्षिक तपासणीला, नुसत्या ब्रेक आणि एका मॅग्नेटोने (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या पार्टाने) कंबरडं मोडलं. ब्रेक अजून मूळचे गुडइयरचे आहेत, त्यांचे पार्ट शोधण्यातच महिना गेला. हँगरमधले दोघंतिघं म्हणतात, "ओनर-मेंटेनन्समध्ये टाक, स्वतः काम कर, स्वतः सही कर, एएमईचं (परवानाधारक विमान-मेकॅनिकचं) बिलच नको." मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. ऑइल बदलतो, प्लग साफ करतो, टायर बदलतो, संपलं. कोणी प्रत्यक्ष केलंय का? आणि नंतर पस्तावलंय का?

घिरट्या:
करून टाका हो. ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या (विमानांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याच्या) यादीत तुमचं मॉडेल आहे ना तेवढं बघा. एक इंजिन, चारपर्यंत सीट, १८१४ किलोपर्यंत वजन, खासगी वापर, अशांसाठीच तर तो वर्ग आहे. अर्जाला फार त्रास नाही.

एरकूपवाला:
मी केलंय. एरकूप ४१५-सी, सहा वर्षं झाली. अर्ज सोपाच आहे. अवघड आहे तो हातोडा.

विमान, इंजिन आणि प्रोपेलर यांच्या डेटा प्लेटवर (ओळखीच्या पट्टीवर) मॉडेल आणि सीरियल नंबरपुढे पंचाने 'एक्स' अक्षर ठोकावं लागतं. कायमचं. मी आधी अ‍ॅल्युमिनियमच्या भंगार पत्र्यावर वीसेक वेळा सराव केला. तरी इंजिनाच्या प्लेटवर पंच सरकला आणि एक्स तिरका बसला तो बसलाच. बायको टॉर्च धरून उभी होती. म्हणाली, "पोरीचे कान टोचले तेव्हासुद्धा तुझं तोंड एवढं पडलं नव्हतं."

तोंड पडलं कारण त्या एका अक्षराने बरंच काही गेलं. एक म्हणजे अमेरिका. आपल्या ओनर-मेंटेनन्सच्या विमानांना तिथे उडायला परवानगी नाही. दरवर्षी तिथल्या ऑशकॉशच्या विमान-मेळ्याला जायचे बेत करायचो, आता फोटो बघतो. विकायला काढलं तर गिऱ्हाईक कॅनडातलंच, म्हणजे भाव पडणारच. एक्सवाला पार्ट साध्या (प्रमाणित) वर्गाच्या विमानात बसवता येत नाही, त्यामुळे माझ्याकडचा चांगला सिलिंडर हँगरच्या शेजाऱ्याला उपयोगाचा नाही. आणि परत साध्या वर्गात यायचं तर विमान मूळ डिझाइनबरहुकूम आहे हे सिद्ध करा, एक्सवाल्या पार्टांचा निकाल लावा. तेवढ्या खर्चात दुसरं विमान बघितलेलं बरं.

मिळालं काय? प्रमाणपत्र नसलेला पार्ट लावता येतो. गेल्या वर्षी सिलिंडर मी स्वतः उतरवून बसवले. सही माझी. पैसे वाचले, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या वर्षी अ‍ॅन्युअलला मला अकरा शनिवार-रविवार लागले. त्यातले तीन एकच पॅनल उघडण्यात गेले, स्क्रूंची डोकी घासली होती म्हणून. एएमईने दोन दिवसांत उरकलं असतं.

अजून एक. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षेसाठी निघणारे तपासणी-दुरुस्तीचे सरकारी आदेश) आपल्याला कायद्याने बंधनकारक राहत नाहीत. हे वाक्य लोक फार खुशीत सांगतात. एरकूपच्या पंखांच्या मधल्या भागाला गंज लागतो, त्यावर डायरेक्टिव्ह आहे. मी दर हिवाळ्यात झाकणं काढून आरसा घालून बघतोच. ट्रान्सपॉन्डरची (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राची) दर २४ महिन्यांची चाचणीही काही सुटत नाही.

पस्तावलोय का? नाही. पण मला मुळात हात काळे करायला आवडतात.

स्पॅनरवाली:
मी एएमई आहे, त्यामुळे माझं पोट यावरच आहे हे आधीच सांगते.

कापडी_पंख, तुम्ही जे करता ते 'एलिमेंटरी वर्क', म्हणजे साधी प्राथमिक कामं. ते आत्ताच्या वर्गातही तुम्हाला करता येतं, त्यासाठी काही ठोकायला नको. तुमच्या एएमईला विचारा, मालक सोबत काम करेल असं अ‍ॅन्युअल चालेल का. पॅनल उघडणं, साफसफाई, ग्रीस, परत बंद करणं हे तुम्ही करा. तपासणी आणि सही त्यांची. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं असं करतात आणि बिल बरंच उतरतं. बिलातला मोठा वाटा स्क्रू काढण्याचाच असतो. (एरकूपवाले काका, तुमच्या त्या पॅनलला माझा नमस्कार.)

सहीपेक्षा मला काळजी वाटते नजरेची. एका ओनर-मेंटेनन्सवाल्या गृहस्थांनी मागे मला 'सहज एक नजर टाक' म्हणून बोलावलं. कामाला माणूस चोख, लॉगबुक मोत्यासारखं. मफलरच्या जोडाजवळ बोटभर लांबीची फिकट करडी रेघ होती. त्यांनी ती दोनदा पाहिली होती, धूळ म्हणून सोडून दिली होती. ती एक्झॉस्ट गळतीची खूण. आत केसाएवढी चीर निघाली. केबिनचा हीटर त्याच मफलरभोवतीची हवा आत आणतो, म्हणजे हीटर लावला की कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या मांडीवर. त्याला वास नसतो.

एरकूपवाला:
पटलं. मीसुद्धा दरवर्षी अ‍ॅन्युअल संपलं की एका एएमईला पैसे देऊन तासभर बघायला लावतो. ते वरच्या हिशेबात सांगायचं राहिलं.

कापडी_पंख:
सगळ्यांचे आभार. एएमईशी बोललो. पुढच्या वेळी मालक-सोबत अ‍ॅन्युअलला तयार आहेत, फक्त म्हणाले, "मधेमधे प्रश्न विचारलेस तर बिल डबल." त्यामुळे निदान हा हिवाळा पंच विकत घेत नाही.

पण स्पॅनरवाली ताई, तुमचं वाचून काल रात्री हँगरला गेलो. माझ्याही मफलरवर हीटरच्या कव्हरच्या कडेला करडं काहीतरी दिसतंय. बोटाने पुसलं तर निम्मं गेलं. धूळच असेल ना? कव्हर काढायचं म्हणजे सात क्लँप आहेत आणि एक अगदी फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) चिकटून.

स्पॅनरवाली:
निम्मं राहिलं ना? कव्हर काढायला सांगा तुमच्या एएमईला. तोवर उडू नका.