कंजूषपणा हे एकच कारण नाही
वर कुणीतरी लिहिलंय की गोव्यातले धंदेवाले कंजूष, म्हणूनच अजून विंडोज १० ला चिकटून आहेत. मला हे पटत नाही. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांचंच घ्या. प्रयोगशाळेतलं एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं) मशीन ज्या संगणकावर चालतं, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की व्हॅलिडेशन, म्हणजे सगळं बरोबर चालतंय हे सिद्ध करणं, पुन्हा आलंच: चाचण्या, कागदपत्रं, सह्या. त्यात मशीनवाल्या कंपनीने नव्या सिस्टीमसाठी सॉफ्टवेअरच दिलं नसेल, तर धडधाकट, लाखोंचं मशीन मोडीत काढायचं का?

म्हापशाच्या दुकानदाराचं दुखणं वेगळं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) हवं, इंटेलचा प्रोसेसरही साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. शिवाय ती फक्त ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या) काळातला १६ बिटचा हिशेबाचा प्रोग्राम थेट चालतच नाही.

तरीही १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपलाय. पैसे भरून कंपन्यांना मुदतवाढ मिळते, पण तीनच वर्षं, आणि किंमत दरवर्षी दुप्पट. हॉटेलवाल्यांना माझी कळकळीची विनंती: परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म (लोकांच्या तोंडी सी फॉर्म) भरायचा, पासपोर्टचे स्कॅन ठेवायचे तो संगणक आधी बदला. कारखान्यातलं जुनं मशीन नेटपासून तोडून चालवता येतं, रिसेप्शनवरचं नाही.