विडंबनातला संदर्भ प्रेक्षकाला कळलाच नाही तर?

पंचवटीकर: गणेशोत्सवात नाशिकच्या आमच्या मंडळासाठी तीन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करतोय, ‘राजा हरिश्चंद्र’चं (१९१३) विडंबन. फाळके आपल्या त्र्यंबकचे, पण मंडपातल्या बहुतेकांनी हा मूकपट पाहिलेला नसणार. ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकी कार्टून मालिका सिनेमांची विडंबनं करते आणि मूळ सिनेमा न पाहिलेल्यालाही हसवते, ते कसं? आणि सध्याच्या रील्सचे संदर्भ घालावेत का?

सिडकोवाला: दादा, ‘केप फिअर’ या थरारपटावर बेतलेला त्यांचा १९९३चा भाग बघा. त्यातला खलनायक साइडशो बॉब दंताळ्यावर पाय देतो, दांडा फाडकन तोंडावर, तो गुरगुरतो, पुढचं पाऊल पुन्हा दंताळ्यावर. भाग वेळेला कमी पडत होता म्हणून हा प्रकार लांबवला. मूळ सिनेमा माहीत नसला तरी काही अडत नाही. आधी विनोद स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, संदर्भ ही वरची फोडणी. पटकथेतून संदर्भ खोडून वाचा. हसू आलं नाही तर प्रसंग काढा.

गंगापूर रोड: विडंबन ओळखू येतं ते चौकटीवरून. कॅमेरा हलवू नका, पात्रं नखशिखांत दिसू द्या. मध्येच झूम केलात की मूकपट संपला. तारामतीचं काम अण्णा साळुंके यांनी केलं होतं; पदराआडून मिशी डोकावली तर ते ठाऊक नसलेलाही हसेल. मूकपटासारख्या संवादाच्या पाट्यांवर आठ-दहाच शब्द घ्या आणि सावकाश दोनदा मोठ्याने वाचून होईपर्यंत पाटी ठेवा, मंडपात आजी-आजोबाही असतात. सेकंदाला २४ फ्रेम धरून प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर तीन मिनिटांना २,१६० चित्रं लागतात. तीन फ्रेम ठेवलं तर १,४४०. चाल थोडी तुटक होते, पण इथे ती शोभतेच.

सातपूरकर: रील्सचं जपून. ‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेचा भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो म्हणून त्यांना ताजी बातमी झेपते. सिम्पसन्सच्या एका भागाला कित्येक महिने लागतात. तुमचंही चित्रकाम आधी संपणार, तेव्हा ताजा संदर्भ चित्रात नको, आवाजात ठेवा: दवंडीवाला पाठमोरा काढा, म्हणजे ओठ जुळवायला नकोत, आणि त्याची पाच सेकंदं दोन दिवस आधी रेकॉर्ड करा.

हक्कांचंही बघा. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, त्यामुळे ‘राजा हरिश्चंद्र’ मोकळा आहे. पण नेटवरच्या प्रतींना नंतर जोडलेलं संगीत मोकळं असेलच असं नाही, ते उचलू नका. कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेला सूट आहे, विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही. पेटी-तबला मंडळातच वाजवून घ्या.