आमची वस्ती ओढ्यापलीकडच्या प्रभागात गेली आहे. हरकत कशी घ्यावी?

प्रश्न (वस्तीवरचा मतदार)

आमच्या ग्रामपंचायतीची प्रारूप प्रभाग रचना नुकतीच चावडीवर लागली. 2011 च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या 2,640 असून तीन प्रभागांतून प्रत्येकी तीन असे नऊ सदस्य निवडायचे आहेत. आजवर प्रभाग 3 मध्ये असलेली आमची 210 लोकांची वस्ती या वेळी ओढ्यापलीकडच्या प्रभाग 1 ला जोडली आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की फरशी पूल बुडतो आणि पलीकडच्या सदस्याला आमच्याकडे येता येत नाही, आला तरी फक्त मते मागायला येतो. शिवाय वस्तीतल्या काही जणांची नावे जुन्याच प्रभागाच्या यादीत दिसतील, अशी भीती आहे. दोन्ही गोष्टींसाठी एकच अर्ज द्यावा का?

उत्तर 1 (निवृत्त ग्रामसेवक)

एकच अर्ज देऊ नका, कारण हे दोन वेगळे विषय असून त्यांच्या मुदतीही वेगळ्या असतात. प्रभाग रचनेवरची हरकत तहसील कार्यालयात लेखी द्यायची असते आणि तिची सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे होते. मतदार यादीचा टप्पा त्यानंतर येतो. राज्य निवडणूक आयोग स्वतः नवी नावे घेत नाही. विधानसभेची यादीच प्रभागनिहाय फोडली जाते. त्यामुळे नाव चुकीच्या प्रभागात गेले, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळले, एवढ्यापुरतीच त्या वेळी दुरुस्ती होते. विधानसभेच्या यादीतच नाव नसेल, तर त्या टप्प्यावर कितीही अर्ज केले तरी उपयोग होत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘आमची गैरसोय होते’ एवढेच लिहिलेली हरकत सहसा टिकत नाही, कारण प्रत्येक सदस्यामागे लोकसंख्येचे प्रमाण शक्य तितके सारखे ठेवण्याचे बंधन कायद्यातच आहे. तुमच्या गावात ते सदस्यामागे सुमारे 293 आणि प्रभागामागे 880 इतके येते. तिन्ही प्रभागांचे प्रारूप आकडे दिलेत, तर पुढचे बोलता येईल.

प्रश्नकर्ता

प्रभाग 1 मध्ये 912, 2 मध्ये 876 आणि 3 मध्ये 852.

उत्तर 1

मग नुसती वस्ती परत मागितलीत, तर प्रभाग 1 मध्ये 702 उरतात आणि 3 मध्ये 1,062 होतात. सुनावणीत पहिल्या दोन मिनिटांतच हा मुद्दा समोर येईल. बदल्यात प्रभाग 3 चा, प्रभाग 1 ला लागून असलेला साधारण 190 लोकांचा भाग सुचवा, म्हणजे आकडे 892 आणि 872 होतील. मात्र जनगणनेचा प्रगणक गट (एका प्रगणकाने मोजलेला घरांचा समूह) शक्यतो फोडत नाहीत, म्हणून आधी तलाठ्याकडून गटांच्या हद्दी पाहून घ्या आणि नकाशावर ओढा ठळक दाखवा. नैसर्गिक हद्दीचा मुद्दा तुमच्या बाजूने आहे, तो लोकसंख्येच्या हिशेबासोबतच मांडला पाहिजे.

उत्तर 2 (माजी सदस्य)

वरील सल्ला योग्य आहे. एक भर घालतो. मुदत चुकवून पुढे न्यायालयात पाहू, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. निवडणूक कार्यक्रम जाहीर झाल्यावर न्यायालये सहसा हात घालत नाहीत. निकालानंतर 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे निकालाला आव्हान देणारा निवडणूक अर्ज करता येतो, पण त्याने प्रभागाची हद्द बदलत नाही. हरकतीची पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख असल्याची खात्री करा. माझ्या वेळी एका कार्यालयात ‘ठेवून जा’ म्हणाले, आम्ही ठेवून आलो, आणि सुनावणीच्या यादीत आमचे नावच नव्हते.

आणखी एक. तुमच्या वस्तीतून उभे राहू इच्छिणाऱ्यांनी प्रभाग बदलला म्हणून निराश होऊ नये. गावच्या यादीत नाव असलेला मतदार गावातल्या कोणत्याही प्रभागातून उमेदवारी भरू शकतो; आरक्षणाची अट तेवढी पाळावी लागते. पॅनेलवाले हे सोयीस्करपणे सांगत नाहीत.

प्रश्नकर्ता

तलाठ्यांकडे जाऊन आलो. वस्ती आणि शेजारचा मळा एकाच प्रगणक गटात आहेत आणि प्रारूपात मळा मात्र प्रभाग 3 मध्येच ठेवला आहे, म्हणजे गट त्यांनीच फोडला आहे. हरकतीत हेच पहिले वाक्य म्हणून लिहितो आहे. बदल्यात शाळेमागची आळी सुचवणार आहे. तिथल्या लोकांशी आज संध्याकाळी बोलतो, कारण त्यांनाही आपली अदलाबदल नोटीस बोर्डावरच कळावी, असे मला वाटत नाही.