बीटलच्या चासीवर बगी: पॅन कापण्याआधी काय काय तपासायचं?

पाना_तेरा

डोनर (जिची चासी वापरायची ती जुनी गाडी) आहे १९६९ ची फोक्सवॅगन बीटल १३००. पुढे बॉलजॉइंट बीम (पुढची चाकं धरणाऱ्या आडव्या नळ्या), मागे स्विंग अ‍ॅक्सल (चाकासकट वर-खाली झुलणारे अर्धे आस), चारही चाकांना ड्रम ब्रेक. मूळ बॉडी उतरवलीय, पॅन (चासीचा तळ, मधोमध टनेल म्हणजे पोकळ कणा) घोड्यांवर आहे. वर बसवायची आहे ती आखूड व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) फायबरची बगी बॉडी, म्हणजे पॅन साडेचौदा इंच (३६८ मिमी) कमी करणं आलंच. २४०० मिमीचा व्हीलबेस २०३२ वर येईल.

मिग वेल्डिंग येतं, पण गेट आणि ग्रिलपुरतंच. प्रश्न असे:

१. पॅन कापताना सरळ कसा राखायचा? टनेलमधल्या नळ्यांचं काय करायचं?
२. बॉडी एवढी हलकी होणार, तर स्प्रिंग आणि ब्रेक मूळचेच चालतील का?
३. फायबर बसवताना हमखास विसरलं जातं असं काय?

---

ओळंबा

पहिल्या प्रश्नाचं सांगतो, बाकीचं इतर सांगतीलच.

ग्राइंडर लावण्याआधी टोच्या घ्या. बॅटरीखालचा उजवा मागचा कोपरा, पेडलपाशी टनेलचा तळ, पुढचं फ्रेम हेड (टनेलचं टोक, जिथे बीम बसतो) आणि त्याला लागून असलेली ‘नेपोलियन हॅट’ (टोपीच्या आकाराचा पत्रा) टोचून बघा. मागे गिअरबॉक्स ज्या दोन शिंगांत बसतो त्यांच्या मुळाशी तडे शोधा. फ्लोअरचा पत्रा सडला असेल तर काळजी नाही, तो बदलता येतो. टनेल आणि फ्रेम हेड गेलं असेल तर मात्र दुसरा पॅन शोधा. सडक्या टनेलवर जोड मारून त्यावर माणसं बसवायची नसतात.

चासी नंबर मागच्या सीटखाली टनेलवरच ठोकलेला असतो. कापायच्या रेघा अशा आखा की नंबर मागच्या तुकड्यावर जसाच्या तसा राहील. नंबर कापला गेला किंवा वेल्डखाली गेला तर गाडीची ओळखच संपली. आणि आखूड चासीला तुमच्याकडे मंजुरी कशी मिळते ते आत्ता विचारा, रंग झाल्यावर नाही.

आता सरळपणा. ५० × ५० × ३ मिमीचे दोन सरळ चौकोनी पाइप पॅनखाली लांबीने ठेवा. मागचा तुकडा त्यांना बोल्टने पक्का करा, पुढचा क्लॅम्पवर ठेवा. कापल्यावर पुढचा तुकडा रुळावरून ढकलावा तसा ३६८ मिमी मागे आणायचा. बीटलची बॉडी पॅनला कडेने ज्या बोल्टांनी बसते त्या भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि कर्ण मोजा, कापण्याआधी आणि टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारल्यावर. दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर टॅक तोडून परत जुळवा. कर्ण जुळले म्हणून पीळ नाही असं समजू नका. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पुढच्या बीमची दोन टोकं आणि मागच्या टॉर्शन ट्यूबची (मागच्या स्प्रिंगचे बार ज्यात बसतात ती आडवी नळी) दोन टोकं एका पातळीत आहेत का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

टनेलचा काप आणि फ्लोअरचा काप एका रेषेत नको. किमान १०० मिमीचा टप्पा ठेवा, म्हणजे सगळा जोर एकाच जोडावर येत नाही. टनेलच्या आतून २ मिमी जाडीची ४०-५० मिमी रुंद पट्टी द्या आणि जोड तिच्यावर भरा. फ्लोअरचा पत्रा पातळ असतो, सलग वेल्ड ओढलात तर पापडासारखा वाकेल. २०-२५ मिमीचे टाके मारा, एक इकडे, एक समोरच्या बाजूला, आणि आपसूक गार होऊ द्या. ओलं फडकं लावून घाई करू नका.

पेट्रोलची नळी टनेलमधूनच जाते. ती रिकामी करून, फुंकून, पूर्ण बाहेर काढल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. जोडकाम झाल्यावर तीच परत घालू नका, नवी सलग नळी टाका.

उरल्या केबलच्या नळ्या: क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, हँडब्रेकच्या दोन आणि हीटरच्या. टनेलला वरून खिडकी कापा म्हणजे हात आत जाईल. प्रत्येक नळीच्या कापलेल्या तोंडाची आतली धार रीमरने घासा आणि जोडावर एक माप मोठ्या नळीचा तुकडा चढवून त्याची टोकं वेल्ड करा. नळ्या थेट समोरासमोर जोडू नका. आत लोंबलेला वेल्डचा एक थेंब क्लचची केबल करवतीसारखा कापत राहतो. खिडकी बंद करण्याआधी प्रत्येक नळीतून खरी केबल ओढून बघा. केबलीही ३६८ मिमी कमी लागणार. आखूड पॅनसाठी तयार मिळतात त्या घ्या. क्लचच्या केबलला घरी टोक बसवायच्या भानगडीत पडू नका.

---

सुटा_बोल्ट

वरच्या सगळ्याला होकार, पण एक आडवा प्रश्न: कापायलाच हवं का? पूर्ण लांबीच्या पॅनवर बसणाऱ्या बगी बॉडीही मिळतात. दिसायला थोडी लांबुडकी, पण केबली, नळ्या, हँडब्रेक, गिअर रॉड सगळं मूळचंच राहतं, मागे दोन माणसं बसतात आणि गाडी सरळ रस्त्यावर शांत चालते. पहिलंच काम असेल तर मी तिकडेच कौल देईन. आणि ‘अस्सल बगी म्हणजे कापलेला पॅन’ हेही तितकंसं खरं नाही. १९६४ साली ब्रूस मेयर्सने बनवलेली पहिली मँक्स बगी फायबरचा मोनोकॉक (बॉडी हीच चासी) होती, तिला बीटलचा पॅनच नव्हता. कापलेला पॅन त्यानंतर आला, कारण त्याने काम सोपं आणि स्वस्त झालं.

आणखी कोणी डोनर शोधत असेल त्यांच्यासाठी: १३०२ आणि १३०३ घेऊ नका. त्यांना पुढे बीम नसून मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब) असतात. स्ट्रटचं वरचं टोक मूळ बॉडीत बसतं, आणि बगीला ती बॉडीच नसते.

बीटलऐवजी ट्रायम्फ या ब्रिटिश गाडीच्या चासीवरच्या किटचा विचार असेल तर हेराल्ड आणि स्पिटफायर एकच समजू नका. हेराल्डच्या चासीला बाजूचे आउटरिगर (कण्यातून बाहेर निघालेले हात) आणि कडेच्या पट्ट्या आहेत, त्यावर फायबरची बॉडी टेकते. स्पिटफायरची चासी म्हणजे नुसता मधला कणा, कडेचा जोर तिच्या बॉडीचे सिल (दाराखालच्या पोलादी पेट्या) घेतात. बॉडी फेकलीत की तो जोरही गेला. सिलच्या जागी पोलादी चौकट करावी लागते.

---

पाना_तेरा

कापायचंच आहे, बॉडी आणून ठेवलीय. :) टोच्या फिरवला, टनेल खणखणीत आहे, फक्त बॅटरीखालचा पत्रा गेलाय. गिअर रॉडबद्दल कोणी बोललं नाही. तोही कापायचा ना?

---

ओळंबा

हो, राहिलंच. मागच्या सीटखालच्या झाकणातून कपलिंग सोडवा (चौकोनी डोक्याच्या स्क्रूला तार बांधलेली असते, ती आधी तोडा), पुढचा गिअर लिव्हर काढा आणि रॉड फ्रेम हेडच्या तोंडातून पुढे ओढून घ्या.

कापण्याआधी रॉडच्या पूर्ण लांबीवर एक सरळ रेघ ओढा. अँगलच्या खाचेत रॉड ठेवून अँगलच्या कडेने रेघ मारली की ती वाकडी जात नाही. मधला ३६८ मिमी काढा, घट्ट बसणारी सळी किंवा नळी आतून घाला, दोन्हीकडची रेघ जुळवा आणि मगच वेल्ड करा. रेघ दोन-तीन अंश फिरली तरी लिव्हरचा पूर्ण नकाशा तिरका होतो. पहिला-दुसरा सापडतात, रिव्हर्स सापडत नाही, आणि लोक गिअरबॉक्स उघडून बसतात. वेल्ड घासून गुळगुळीत करा, शिवाय रॉड ज्या नायलॉन बुशमधून सरकतो तिथे जोड येणार नाही हे बघा. बुश नवीन घाला, ग्रीस लावून. पुन्हा तिथे हात पोचणं अवघड आहे.

क्लच केबलची शेवटची लवचीक नळी गिअरबॉक्सपाशी २५ ते ४५ मिमी लोंबलेली हवी. ताठ झाली तर गाडी उठताना धडधडते आणि दोष क्लच प्लेटला लागतो. वॉशर घालून किंवा काढून झोळ साधतात. पेडलला मोकळी हालचाल १० ते २० मिमी.

---

झुकता_कॅस्टर

दुसरा प्रश्न माझा. उत्तर: स्प्रिंग मूळचेच, पण मूळच्या सेटिंगवर नाही.

बॉडी गेल्यावर गाडी पुढून आणि मागून उंच उठते. मागे स्विंग अ‍ॅक्सल असल्यामुळे उंची वाढली की चाकांचे तळ आत ओढले जातात, कॅम्बर (चाकाचा उभा कल) पॉझिटिव्ह होतो आणि वळणावर मागचा भाग दगा देतो. म्हणून मागचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) फिरवून उंची उतरवा. बारच्या आतल्या टोकाला ४० दात, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दात म्हणजे ९ अंश, बाहेरचा ८ अंश १० मिनिटं. आतून एक दात एकीकडे आणि बाहेरून एक दात उलट दिशेला फिरवला की निव्वळ बदल फक्त ५० मिनिटांचा होतो. इतकं बारीक सेटिंग त्यातूनच मिळतं. प्रोट्रॅक्टर स्प्रिंग प्लेटवर (बारच्या बाहेरच्या टोकाला बसणारी पट्टी) ठेवून दोन्ही बाजू सारख्या करा, नुसतं डोळ्यांनी नको. प्लेट खालच्या टेकूवरून उचकटताना जोराने सुटते. खाली जॅक आणि साखळी हवी, तोंड बाजूला हवं.

आता खरी गोम. बगी म्हटलं की मागे मोठे टायर आणि पुढे लहान, आणि पॅन नाकावर झुकतो. पॅन जितका पुढे झुकला तितका कॅस्टर (पुढची चाकं ज्या आसावर वळतात त्याचा मागे झुकाव) गेला. बीटलचा कॅस्टर साधारण ३ अंश २० मिनिटं. २०३२ च्या व्हीलबेसवर मागची बाजू पुढच्यापेक्षा ३५ मिमी उचलली की एक अंश गेला. ७० मिमी उचलली की दोन अंश गेले, उरला सव्वा-दीड. मूळ २४०० वर एका अंशाला ४२ मिमी लागतात, म्हणजे कापलेला पॅन झुकण्याच्या बाबतीत जास्त नाजूक. लक्षण असं: ६०-७० च्या पुढे स्टिअरिंग सैल, गाडी रस्ताभर हुंगत चालते, वळणानंतर चाक आपणहून मध्यावर येत नाही. मग लोक स्टिअरिंग बॉक्स घट्ट करतात, आणि बॉक्सचा बळी जातो.

उपाय: खऱ्या टायरवर, खऱ्या वजनाने गाडी उभी करा, पॅनची पातळी मोजा आणि बीमच्या खालच्या नळीच्या बोल्टांमागे कॅस्टर शिम (कोन देणाऱ्या पट्ट्या) घाला. बोल्ट तेवढे लांब घ्यायला विसरू नका. पुढची उंची बीममध्ये अ‍ॅडजस्टर वेल्ड करून उतरवतात. कोणी बीममधल्या स्प्रिंगच्या पानांच्या गड्डीतली पानं कमी करतात, तेही चालतं, पण मग पुढचा भाग फार मऊ होतो.

ब्रेक: पुढचा भार एवढा कमी होतो की ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लगेच जाम होतात, आणि जाम झालेली चाकं वळत नाहीत. म्हणून पुढे डिस्क लावायची घाई नको, ती उलट दिशा आहे. पुढचे व्हील सिलिंडर २२.२ मिमीचे असतील तर तुमच्या ड्रमला बसणारे १९ मिमीचे शोधा. जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात असल्याने तो सुमारे पाव हिश्शाने घटतो. मागचे सिलिंडर आणि शूज तसेच ठेवा. नंतर रिकाम्या जागी चाचणी घ्या, पुढची आणि मागची चाकं जवळजवळ एकाच वेळी, किंचित पुढची आधी, जाम व्हायला हवीत.

मागच्या अ‍ॅक्सलचा ३६ मिमीचा नट सुमारे ३०० न्यूटन-मीटर. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून नाही. नट सैल राहिला की ड्रमच्या आतले दात खलास होतात.

---

काळी_वायर

फायबरचं माझ्याकडून.

वीज: बीटलमध्ये दिव्यांना एकच वायर पुरते, कारण परतीचा रस्ता पत्रा असतो. फायबरमधून वीज जात नाही. प्रत्येक दिवा, इंडिकेटर, वायपर मोटर आणि पेट्रोलच्या टाकीचा सेंडर (पातळी कळवणारा भाग) यांना वेगळी अर्थ वायर (परतीची) हवी. पुढे एक आणि मागे एक बसबार (सगळ्या अर्थ वायरी जोडायची पट्टी) करा, तिथून जाड वायर थेट पॅनला, रंग खरवडून. पुढचा इंडिकेटर दिला की हेडलाइटही मिचमिचतो, तेव्हा ९९ टक्के दोष अर्थचाच.

भोकं: जेलकोटवर (फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर) मास्किंग टेप, ड्रिल आधी उलटं फिरवून खळगा पाडा, मग सुलटं. बोल्टपेक्षा १-२ मिमी मोठं भोक आणि कडेला हलका काउंटरसिंक. नाहीतर थंडी-उन्हात फायबर आकुंचन-प्रसरण पावतं आणि भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. बोल्टखाली रुंद वॉशर, पॅन आणि बॉडीमध्ये रबरी पट्टी. बॉडी बसत नाही म्हणून बोल्टने ओढून बसवू नका. कुठे फट आहे ते बघून तिथे पॅकिंग द्या.

सीटबेल्ट फायबरला कधीच नाही. पॅनला किंवा पॅनला बांधलेल्या रोलबारला, ३ मिमीची प्लेट वेल्ड करून, ७/१६ इंची यूएनएफ (बारीक आट्यांच्या) बोल्टने. मूळ बॉडी गेल्याने पॅन लवतो, त्यामुळे कडेने चौकोनी पाइपची चौकट घातलीत तर रोलबारलाही पाय ठेवायला जागा मिळते.

इंजिन उघडं दिसतंय म्हणून त्याचे पत्रे काढून टाकू नका. पंख्याची हवा सिलिंडरच्या पंखांवरूनच जावी यासाठी ते आहेत. खालचे पत्रे नसतील तर सिलिंडरवरून निघालेली गरम हवा पंखा परत ओढतो. उघडी गाडी, तरी इंजिन तापतं, ते यामुळे. तेल अडीच लिटर, टॅपेटची फट थंड इंजिनवर ०.१५ मिमी.

स्पीडोमीटरची केबल डाव्या पुढच्या चाकातून येते, त्यामुळे मागच्या मोठ्या टायरने काटा चुकत नाही, पुढच्या लहान टायरने जास्त वेग दाखवतो.

---

पाना_तेरा

सगळ्यांचे आभार. क्रम असा धरतो: नळ्या काढणं, रूळ लावणं, कर्ण आणि पातळी मोजणं, काप, नळ्या, टनेल, फ्लोअर, रॉड. मग टायरसकट उभी करून कॅस्टर. रंग सगळ्यात शेवटी. काही उलटसुलट आहे का?

---

काळी_वायर

एक घाला. रंगाआधी पूर्ण गाडी एकदा जोडून, चालवून, परत सोडायची. दिव्यांची भोकं, स्टिअरिंगचा कोन, टाकीचं तोंड, सगळं कच्च्या बॉडीवर ठरू द्या.

आणि हॉर्न वाजला नाही तर स्विच बदलू नका. स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या रबरी कपलिंगवरून जाणारी छोटी अर्थ वायर बघा. नवं कपलिंग बसवताना ती जोडायची राहते.