शाळेचं शेवटचं वर्ष, वर्गाच्या आठवणींची वही काढतोय पण सगळीकडे तेच चार-पाच जण दिसतायत

कंपासपेटी

आमचं शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे. परीक्षा झाली की सगळे आपापल्या वाटेला लागणार, म्हणून निरोप समारंभाला प्रत्येकाच्या हातात एक छापील वही द्यायची असं ठरलंय, त्यात इतक्या वर्षांचे फोटो, किस्से वगैरे. बाईंनी काम माझ्या गळ्यात घातलं कारण माझं अक्षर चांगलं आहे (सगळं टाइपच करायचंय, अक्षराचा काय संबंध, पण असो).

ग्रुपवर टाकलं की प्रत्येकाने आपली आवडती आठवण पाठवा. आलं काय, तर सहलीची बस बंद पडली तो किस्सा, तोच निम्म्या जणांकडून. गॅदरिंगला पडदा मध्येच अडकला तो किस्सा. एका सरांची खुर्ची मोडली तो. वाचायला मजा येते, नाही असं नाही, पण सगळ्यात तेच चार-पाच जण, जे दंगा करायचे नाहीतर स्टेजवर असायचे. शेवटी मी हजेरीपट समोर घेऊन टिक करत बसले तर कितीतरी जणांचं नाव एकाही किश्शात नाहीये. एक मुलगी आहे, पहिल्यापासून आमच्या वर्गात. तास संपला की फळा तीच पुसते, कोणी सांगितलेलं नाही, आधी वरून खाली मग कडेकडेने, मग डस्टर खिडकीबाहेर आपटून परत जागेवर. रोज. तिचं नाव कुठेच नाही आणि तिने स्वतःही काही पाठवलेलं नाही. विचारलं तर म्हणे माझं काय असणारे.

अजून एक, २०२० चं काय करायचं? तेव्हा आम्ही लहान होतो, शाळा बंद, त्या काळाचा ना धड फोटो ना किस्सा. काही मुलं तर त्याच वर्षी वर्गात नवीन आली, म्हणजे आम्ही त्यांना आधी स्क्रीनवरच्या चौकोनात बघितलं आणि खूप नंतर खरं खरं बघितलं, एकाची उंची बघून तर आम्ही उडालोच. एक मैत्रीण म्हणते ते पान गाळून टाक, कोणाला आठवायचंय ते. कोणी असं काही केलंय का आधी? सांगा प्लीज, छपाईला द्यायला फार दिवस नाहीयेत.

खडूची_धूळ

मी शिक्षिका आहे, बऱ्याच वर्गांच्या अशा वह्या बघितल्यात. अगं, "आवडती आठवण पाठवा" म्हटलं की हेच होणार. ज्याला वाटतं आपल्याबाबतीत काही घडलंच नाही तो गप्प बसतो आणि बाकीचे जो किस्सा शंभरदा सांगून झालाय तोच परत लिहितात. प्रश्नच बदल. कुठल्या बाकावर बसायचास आणि शेजारी कोण होतं, कोणाची वस्तू अजून तुझ्याकडे परत करायची राहिलीये, कुठलं गणित कोणी समजावल्यावर डोक्यात शिरलं, कुठल्या तासाला घड्याळाकडे बघत बसायचास, असलं विचार. ह्याला "माझं काय असणारे" असं उत्तरच देता येत नाही, कारण बसलेला तर प्रत्येक जण कुठेतरी असतोच.

आमच्याकडे एका मुलाने लिहिलं होतं की त्याला फळ्यावरचं नीट दिसायचं नाही, चष्मा लागलाय हे घरी कळायच्या आधीची गोष्ट, आणि पुढच्या बाकावरचा मुलगा लिहिताना कोपर बाजूला घेऊन वही जरा तिरकी धरायचा, म्हणजे ह्याला त्यातून उतरवता यावं. दोघं त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नव्हते. वहीत छापून आल्यावर त्या पुढच्याचे कान लाल झाले होते.

आणि दुसरं म्हणजे चिठ्ठ्या कर. हजेरीपटावरचं प्रत्येक नाव एकेका चिठ्ठीवर, प्रत्येकाने एक उचलायची, आणि ज्याचं नाव येईल त्याच्याबद्दल चार ओळी. "स्वभावाने खूप छान, नेहमी हसतमुख" असलं नको, ते स्लॅमबुकात शोभतं. स्वतः डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट लिहायची, बस. असं केलंस तर कोणीच सुटत नाही.

शेवटचा_बाक

मी जरा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मला शाळा आवडली नव्हती. अशा वह्यांमध्ये सगळं गोड गोड असतं आणि ज्याला ते गोड लागलं नाही त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. आमच्याही वर्गाने काढली होती, त्यात प्रत्येकाच्या फोटोखाली टोपणनाव. माझ्या खाली जे छापलं ते नाव मला इतकी वर्षं ऐकून घ्यावं लागलं होतं, मी कधी हसलो असेन त्यावर पण ते हसणं कसलं होतं ते माझं मला माहीत. ती वही मी घरी आणून कपाटाच्या वर टाकली ती आजतागायत उघडलेली नाही.

त्यामुळे टोपणनाव छापायचंच असेल तर ज्याचं आहे त्याला आधी विचारा, आणि ग्रुपवर नाही, एकट्याला गाठून. ग्रुपवर सगळेच "चालेल रे" म्हणतात. आणि बाई, तुमची चिठ्ठ्यांची आयडिया ऐकायला छान आहे पण ज्याने वर्षभर छळलं त्याच्याच हातात माझी चिठ्ठी आली असती तर? मला तर घामच फुटला वाचताना.

खडूची_धूळ

@शेवटचा_बाक बरोबर आहे तुमचं, आणि मी ते अर्धंच सांगितलं. चिठ्ठी बदलून मागायची मुभा हवी, कारण न विचारता. आणि लिहिलेलं सगळं छपाईआधी ज्याच्याबद्दल आहे त्याला दाखवायचं, नको म्हणाला तर ती ओळ जाते, चर्चा नाही. वर्गशिक्षकांनी एकदा नजर घालावी हे तर आहेच, पण आम्हा शिक्षकांना सगळं कळतं अशा भ्रमात राहू नका. वर्गात कोण कोणाला काय म्हणतं ते आम्हाला सगळ्यात शेवटी कळतं.

निम्मी_रात्र

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी, तुला एक कामाची गोष्ट सांगते. १९७५ साली हॅरी बाहरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अभ्यास केला होता, विषय अगदी हाच. १७ ते ७४ वयाची ३९२ माणसं घेतली, म्हणजे काहींची शाळा नुकतीच सुटलेली आणि काहींना सुटून जवळजवळ पन्नास वर्षं झालेली, आणि त्यांच्याच शाळेच्या जुन्या इयरबुकमधले फोटो नि नावं वापरून बघितलं की वर्गातलं कोण किती लक्षात आहे. अनोळखी चेहऱ्यांमधून आपल्या वर्गातला चेहरा निवडायचा असेल तर लोक कमाल करत होते, शाळा सोडून तीसेक वर्षं झालेलेसुद्धा साधारण ९० टक्के बरोबर. पण काहीही समोर न ठेवता नुसतं "सांगा बरं वर्गात कोण कोण होतं" म्हटलं की गाडी अडायची, आणि जितकी वर्षं जास्त तितकी जास्त अडायची.

म्हणजे चेहरा राहतो, नाव जातं. तेव्हा फोटोखाली नावं लिही. "फुल्ल धमाल!!" असलं कॅप्शन वीस वर्षांनी कोणाच्या बापाला कळणार नाही. डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार, मागे अर्धं डोकं दिसतंय त्याचंही, आणि फोटो कोणी काढला तेही, कारण तो बिचारा कुठल्याच फोटोत नसतो. हे आत्ताच कर, आत्ता तुला सगळे तोंडपाठ आहेत.

आणि हो, वय झालेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या की साधारण दहा ते तीस ह्या वयातल्या प्रमाणाबाहेर जास्त निघतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. तुम्ही अख्खे त्यातच बसता. म्हणजे ही वही जास्त उघडली जाणार ती तुम्ही म्हातारे झाल्यावर, छपाई जरा मोठ्या टायपात करा :)

मेगाबाइट

फोटोंवरून आठवलं. ग्रुपवर आलेले फोटो छपाईला देऊ नकोस. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी काढला ती आतली माहितीही निघून जाते, मोबाईलवर ठीक दिसतो पण पानभर छापला की चेहऱ्यांचे ठोकळे होतात. सगळ्यांना सांग डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाका. पण फोल्डर शाळेच्या मेल आयडीवर बनवू नकोस, शाळा सुटली की ते अकाउंट बंद करतात बऱ्याच ठिकाणी, आणि मग फोल्डर पण गेलं.

खिडकीतली_सीट

२०२० चं पान अजिबात गाळू नका!! युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे तेव्हा १९० पेक्षा जास्त देशांमधल्या शाळा बंद होत्या, दीडशे कोटींहून जास्त मुलं घरी. एकाच वेळी इतक्या मुलांची शाळा बंद पडलेली त्याआधी कोणी बघितलेली नव्हती, आणि तुम्ही ते बघितलंय, तेही आपण काय बघतोय ते कळायच्या वयाच्या जरा आधी. फोटो नाहीत तर नसू देत, वाक्यं गोळा करा ना. "मॅडम माझा आवाज येतोय का", "कोणाचा तरी माईक चालू आहे", "नेट गेलं होतं". मागून कुकर किंवा भावंडाचं रडणं. प्रत्येकाला एवढंच विचारा की तेव्हा मोबाईल कशाला टेकवून ठेवायचात आणि कॅमेरा बंद असताना खरंच काय चालायचं. बघा लोक कसे लिहितात ते, मी पैज लावते.

कंपासपेटी

उशीर झाला उत्तर द्यायला, सगळ्यांना खूप थँक्यू. चिठ्ठ्या केल्या. बदलून मागायची सोय ठेवली होती, दोघांनी बदलून घेतल्या, कोणी काही विचारलं नाही. टोपणनावांचंही एकेकाला वेगळं गाठून विचारलं, आणि ज्याला आम्ही सगळे एका नावानेच ओळखतो तो म्हणाला नको, खरं नाव टाक. मला जरा धक्काच बसला कारण तो स्वतःच ते नाव मिरवायचा असं वाटायचं. @शेवटचा_बाक हे तुमच्यामुळे झालं.

२०२० चं पान सगळ्यात भारी झालंय, पैज जिंकलात. मोबाईल कशाला टेकवायचात ह्याची उत्तरं, तांदळाचा डबा, शब्दकोश, झोपलेली आजी (!!). एकाने लिहिलंय की आम्ही दोघं भावंडं आणि फोन एक, त्यामुळे मी हजेरीला हजर म्हणायचो आणि फोन ताईकडे द्यायचो, कॅमेरा बंद असायचा तो त्यामुळे. आम्ही तेव्हा त्याला आळशी म्हणायचो.

आणि ती फळा पुसणारी. तिच्या चिठ्ठीत वर्गातल्या एका मुलाचं नाव निघालं, दाराजवळ बसतो, फारसा बोलत नाही. तिने लिहिलं की तो हळू लिहितो, म्हणून उजव्या कोपऱ्यातला गृहपाठ मी शेवटी पुसते, त्याची मान खाली गेली की अजून एक ओळ बाकी आहे असं समजायचं. एवढंच. त्याला दाखवलं छापायच्या आधी, तर तो म्हणाला मला वाटायचं हिचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

आता एकच प्रश्न राहिलाय, सगळे म्हणतायत छापीलसोबत पीडीएफ पण दे, ती इन्स्टावर टाकू. टाकू का?

मेगाबाइट

पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर दे, इन्स्टावर नको. सगळ्यांचे चेहरे, पूर्ण नावं आणि शाळा एकाच फाइलमध्ये, आणि त्यात बरेच अजून अठराच्या आतले. शेवटच्या पानावर फोन नंबर, पत्ते, वाढदिवस टाकले असतील तर पीडीएफमधून ते पान काढून टाक, छापील वहीत राहू दे. आणि एक-दोन प्रती जास्तीच्या छाप, मध्येच शाळा सोडून गेलेले पण असतील ना कोणीतरी?

कंपासपेटी

अरे हो! तिघं आहेत तशी. त्यांची नावं आत्ताच्या हजेरीपटावर नव्हती म्हणून चिठ्ठ्यांतही आली नाहीत. एकाचा नंबर आहे माझ्याकडे, बाकीच्या दोघांचा शोधते. छपाईवाल्यांना सोमवारपर्यंत थांबवलंय.