मदत हवी आहे: जुन्या जीपला पुढं डिस्क ब्रेक बसवायचेत, मास्टर सिलिंडरचं काय करू?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. वडिलांची जीप आहे, महिंद्राची सीजे थ्री बी, नंतर डिझेल इंजिन टाकलेलं. चारी चाकांना ९ इंची ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला प्रेशर देणारा) जुन्या पद्धतीचा, पायाखालच्या पत्र्याच्या खाली चेसीला, तोही सिंगल लाईनचा, म्हणजे चारी चाकांना एकच ऑइलची लाईन.

गेल्या दिवाळीत कासहून यवतेश्वर घाट उतरत होतो, गाडीत आई आणि दोन्ही पोरं, पुढं एसटी, सेकंड गिअरमधीच होतो तरी प्रत्येक वळणाला ब्रेक मारायला लागत होता. निम्म्या घाटात पेडल आधीपेक्षा खाली जायला लागलं आणि कितीही जोर लावला तरी गाडी हवी तशी थांबेना, लायनर जळल्याचा वास. फर्स्ट टाकून कसाबसा समर्थ मंदिरापाशी आलो, चाकाजवळ हात नेला तर चुलीसारखी धग. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या लायनरवाल्या शूपासून लांब जातो हे तेव्हा पायाला कळलं.

दुसऱ्या दिवशी खोललं तर लायनर काचेसारखे चकचकीत, आणि पुढच्या डाव्या व्हील सिलिंडरचं रबर उचललं तर आत ऑइल साचलेलं. सिंगल लाईन आहे, त्या सिलिंडरातला ऑइल अडवणारा रबरी कप घाटात फाटला असता तर चारी ब्रेक एकदम गेले असते. झोप लागली नाही त्या रात्री.

लायनर नवीन टाकले, ड्रम लेथवर टर्न करून घेतले, फरक पडला. पण आता पुढं डिस्क करायचेच. मारुती जिप्सीचे डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे) बघून ठेवलेत, तिचंही पाच बोल्टचं साडेपाच इंची पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) आहे, जीपसारखंच. पण बोल्ट जुळले म्हणजे डिस्क हबवर बरोबर मधोमध बसेलच असं नाही, त्यामुळं हब टर्न करायला लागेल असं वाटतंय. मिरजेचे एक लेथवाले कॅलिपर धरायचं ब्रॅकेट बनवून द्यायला तयार आहेत. ड्रमच्या मागची बॅकिंग प्लेट स्पिंडलसकट ज्या सहा बोल्टांवर आहे त्यावरच ते ब्रॅकेट येईल. ब्रॅकेटसाठी प्लेट किती जाड घ्यावी? वेल्डिंग केलेलं ब्रॅकेट मला नकोय, अखंड प्लेटमधूनच कापून घेणार.

खरी अडचण मास्टरची. ड्रमच्या मास्टरमधी लाईनला साधारण १० पीएसआय प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व असतो, तो तसाच ठेवला तर डिस्कचे पॅड कायम घासत राहणार. काढून टाकला तर मास्टर कॅलिपरच्या खाली असल्यामुळं ऑइल परत येणार आणि दोनदा पेडल मारल्याशिवाय ब्रेक लागणार नाही. म्हणून पुढच्या लाईनला २ पीएसआयचा व्हॉल्व लागतो. तो सातारा, सांगली, कोल्हापूरकडं कुठं मिळतो का? का मास्टर वर फायरवॉलला घेऊन लटकतं पेडलच करावं? टॅन्डम मास्टर (पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगळी लाईन देणारा) तर घेणारच आहे, कुणी वापरला असेल तर बोअर (आतला व्यास) किती घेतला ते सांगा, मोठा घेतला की पेडल जड होतं.

बूस्टरचंही विचारायचंय. डिस्कला शूसारखं स्वतःच आवळून घेणं नसतं, पायाचा जोर जास्त लागतो, आणि आमचं डिझेल, बूस्टरला लागतो तो व्हॅक्यूम इनटेकमधी नाही. मागच्या टोकाला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर टाकून बूस्टर लावलाय का कुणी? मागचे ड्रम तसेच ठेवणार आहे, रिकाम्या जीपचं मागं वजनच नसतं, तर मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून मागचं प्रेशर कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व लागेलच ना?

रिम १६ ची आहे, कॅलिपर घासतो का तेही सांगा. आणि डाव्या बाजूचे स्टड उलट्या आट्याचे आहेत, ते बदलायचे का राहू द्यायचे?

अपडेट: खाली दोघांनी विचारलंय की आरटीओचं काय. पुढच्या वर्षी रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल आहे, त्यामुळं काम सुरू करायच्या आधीच विचारून येणार आहे. कुणाची अशी गाडी पासिंग झाली असेल तर कागद काय लागले ते लिहा. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो, तोवर जीप घाटात नेणार नाही.