मदत हवी आहे : भाची फी सवलतीला पात्र, तरी कॉलेज पूर्ण फी मागतंय

नमस्कार मंडळी,

माझी भाची निफाड तालुक्यातली, घरची थोडी द्राक्षबाग. कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) तिला नाशिकच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालाय. ओबीसी, नॉन-क्रीमीलेअर आहे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही ८ लाखांच्या बराच खाली. २०२४-२५ पासून अशा मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. तरी ऑफिसात सांगतात, "आधी सगळी फी भरा, महाडीबीटीचे पैसे आले की परत देऊ." (महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्ती आणि फी सवलतीचं पोर्टल.) डेव्हलपमेंट फी या सवलतीत येत नाही, ती भरायला भाऊजी तयार आहेत. पण सगळी रक्कम एकदम? बागेचा पैसा हंगामातच हातात येतो.

दुसरं म्हणजे मूळ मार्कशीट आणि कॉलेज सोडल्याचा दाखला त्यांनी ठेवून घेतलाय. पडताळणी झाल्यावर मूळ कागद परत द्यायचे, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच सांगितलंय. पोरगी मागायला गेली तर तिलाच दटावलं, याचा मला फार राग आला.

तिच्या बाजूने महाडीबीटीचा अर्ज भरलाय, आधार बँक खात्याला जोडलंय.

कुणी असा अनुभव घेतलाय का? लेखी तक्रार आधी प्राचार्यांकडे द्यावी, की थेट तंत्रशिक्षण संचालनालयाच्या नाशिक विभागीय कार्यालयात? अर्जात कोणत्या शासन निर्णयाचा उल्लेख करावा? शिवाय ती भाड्याच्या खोलीत राहते, तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणाऱ्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज कुठे करायचा?